थोरल्याचं दुखणं

धाकटं बाळ घरात आलं की थोरल्याचं काय होतं, हे बायकांना कुणी सांगायला लागत नाही. कालपर्यंत आईच्या कुशीत झोपणारं दीड-दोन वर्षांचं पोर एका रात्रीत मोठं होऊन बसतं. अंगावरचं दूध तुटतं. आजीजवळ झोपावं लागतं. पोर किरकिर करतं, ताटलीतलं अन्न चिवडत बसतं. घरातले हसून घेतात, धाकट्यावर जळतंय म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या घाना देशात, गा भाषा बोलणाऱ्या बायकांनी मात्र या थोरल्याच्या एका दुखण्याला वेगळं नावच दिलं होतं. क्वाशिओरकर. पाठचं भावंड आलं की वरच्या मुलाला जे होतं ते, असा त्याचा साधारण अर्थ. आज हा शब्द जगभरच्या डॉक्टरीच्या पुस्तकांत आहे. आपल्याकडे त्याला सुजवटी असंही म्हणतात. आयांच्या तोंडचा हा शब्द पुस्तकांत जाऊन बसला तो एका बाईमुळे. डॉ. सिसिली विल्यम्स त्यांचं नाव.

सिसिलीचा जन्म २ डिसेंबर १८९३ चा, जमैकामधला. वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, त्यातलंच हे बेट. घराणं इंग्रज जमीनदारांचं, पण कित्येक पिढ्या तिथेच रुजलेलं. वडील तिथल्या शिक्षण खात्याचे प्रमुख. मुलगी नऊ वर्षांची असताना ते म्हणे सहज बोलून गेले की हिला नवरा मिळायची काही चिन्हं दिसत नाहीत, त्यापेक्षा हिने डॉक्टरीण व्हावं हे बरं. आता बापाने असं बोलावं का, हा वेगळा प्रश्न. पण पोरीने ते मनावर घेतलं खरं. लग्न तिने शेवटपर्यंत केलं नाही, आणि डॉक्टर मात्र ती झाली.

तेही सुखासुखी नाही. तेराव्या वर्षी तिला शिकायला इंग्लंडला धाडलं. एकोणिसाव्या वर्षी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात जागा मिळाली, तर इकडे जमैकात भूकंप आणि वादळांनी घराची घडी विस्कटलेली. ती जागा सोडून मुलगी घरी परतली आणि आईवडिलांच्या हाताखाली काही वर्षं काढली. १९१६ मध्ये वडील गेले. मग तेविसाव्या वर्षी ती पुन्हा ऑक्सफर्डच्या दारात उभी राहिली. पहिलं महायुद्ध सुरू होतं, तरुण मुलं लढाईवर गेलेली, वर्ग ओस पडलेले. म्हणून वैद्यकीच्या वर्गात मुलींना जरा वाट मिळाली. १९२३ मध्ये ती डॉक्टर झाली. तोवर युद्ध संपून पुरुष परतले होते आणि बाईला नोकरी द्यायला कुणी तयार नव्हतं. लंडनमधल्या बायकामुलांच्या इस्पितळांत काम करता करता तिच्या लक्षात आलं, की मूल ज्या घरातून आलंय ते घर ठाऊक असल्याशिवाय मुलाचं दुखणं कळत नाही. पुढच्या साठ वर्षांत हे मत त्यांनी कधी बदललं नाही.

ब्रिटिश वसाहतींच्या आरोग्यसेवेत अर्ज करून दोन वर्षं वाट पाहिल्यावर १९२९ मध्ये त्यांची नेमणूक झाली, गोल्ड कोस्टला. घानाचं हे तेव्हाचं नाव. हुद्दा होता स्त्री वैद्यकीय अधिकारी, आणि पगार त्याच कामाच्या पुरुष डॉक्टरपेक्षा कमी.

कोफोरिडुआ आणि मग आक्रा शहरात त्यांचे दवाखाने भरू लागले. पाठीशी पोर बांधून बायका मैलोन्‌मैल चालत यायच्या. विल्यम्सबाईंनी प्रत्येक मुलाचं कार्ड करायला सुरुवात केली. नाव, वय, वजन, खातं काय, आधीची भावंडं किती, त्यातली जगली किती. आपल्या अंगणवाडीत आज जे चालतं त्याचीच ही जुनी बहीण म्हणा ना. गावातल्या जाणत्या बायकांना, वैदूंना त्यांनी हिणवलं नाही. त्यांची औषधं काय, त्यांचे शब्द काय, हे त्या विचारून घेत. गोऱ्या डॉक्टरांना हा प्रकार विचित्रच वाटे.

या बायकांच्या ओळीत एक विशिष्ट प्रकारचं मूल पुन्हा पुन्हा दिसायचं. वय एक ते चार वर्षं. हातपाय सुजलेले, चेहरा गोल, गाल वर आलेले. काळेभोर कुरळे केस विटून तांबूस झालेले. पायांवरची कातडी डाग पडून सोलवटलेली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ते मूल हसत नसे, खेळत नसे, कुणाकडे बघत नसे. समोर खायला ठेवलं तर तोंड फिरवी. उपचार मिळाला नाही तर यातली बहुतेक मुलं दगावत.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबून विचार करा. आपण मुलाला बाळसं धरलंय असं कशावरून म्हणतो? गोल गालांवरून, भरलेल्या हातापायांवरून. सुजवटीचं मूल लांबून बघणाऱ्याला भरलेलंच वाटतं. हाडाची काडं झालेलं मूल बघितलं की कुणाच्याही पोटात कालवतं, पण या गोल चेहऱ्याच्या मुलाला उपास घडतोय हे ओळखणार कोण? पायावर अंगठा काही वेळ दाबून धरला आणि उचलल्यावर खळगा तसाच राहिला, तर ते बाळसं नव्हे, अंगात साठलेलं पाणी. कुपोषित मुलं तपासताना आजही दोन्ही पावलांवर अंगठा दाबून बघतात ते याचसाठी.

तेव्हाचे साहेब डॉक्टर या मुलांना कधी जंताचं, कधी उपदंशाचं, कधी आणखी कशाचं नाव देऊन मोकळे होत. विल्यम्सबाईंना ते पटेना. त्यांनी काय केलं, तर आयांनाच विचारलं. आणि आयांनी सांगितलं की आम्हाला हे दुखणं ठाऊक आहे, दुसरं बाळ झालं की पहिल्याला होतं ते हे. नावही सांगितलं.

मग कार्डं बघितली, घरात काय शिजतं ते बघितलं. तिथे मुख्य अन्न मक्याचं. मका भिजवून, दळून, आंबवून त्याच्या पिठाचे गोळे पानांत गुंडाळून शिजवतात, त्याला केंके म्हणतात. त्याच पिठाची पातळ लापशी करतात ती लहान मुलांसाठी, आपल्या आंबिलीच्या जवळ जाणारी. मोठी माणसं केंकेबरोबर मासळी खात, शेंगदाण्याचं, भाजीचं कालवण खात. लहानग्याच्या वाटीत मात्र तीच ती मक्याची लापशी. त्या भागात त्सेत्से नावाच्या माशीमुळे गुरं जगत नाहीत, त्यामुळे दुधाचाही पत्ता नाही. जोवर आईचं दूध होतं तोवर मूल बरं होतं. पाठचं आलं, दूध तुटलं, आणि मूल सकाळ-संध्याकाळ मक्याच्या पिठावर आलं.

पोट भरत होतं, हे लक्षात घ्या. ते मूल भुकेलं राहत होतं असं आईला वाटत नव्हतं. तिने आपल्या परीने पोटभर भरवलं होतं. मक्यात प्रोटीन असतं, पण त्यातले काही घटक फार तोकडे. त्याला डाळीची, दुधाची, मासळीची, दाण्यांची जोड मिळाली तरच ते अंगी लागतं. शिवाय पातळ लापशीने दोन-तीन घोटांतच पोट तट्ट होतं. एवढंसं पोट ते, त्यात पाणीच जास्त.

मेलेल्या मुलांचं शवविच्छेदन त्यांनी स्वतः केलं. आत त्यांना चरबीने माखलेलं, मोठं झालेलं यकृत दिसलं. मग खाटेवरच्या मुलांना त्यांनी डब्यातलं दूध आणि कॉडमाशाचं तेल द्यायला सुरुवात केली. मुलं सावरू लागली. सूज उतरली, आणि कार्डांवर शेरा पडू लागला की मूल आज हसलं. हसणं ही बरं होण्याची पहिली खूण आहे, असं या रोगावर काम करणारे सगळेच पुढे सांगू लागले.

१९३३ मध्ये त्यांनी हे सगळं इंग्लंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापलं. मक्याच्या आहाराशी जोडलेला लहान मुलांचा आहारजन्य रोग, असं त्याचं मथळ्यातच वर्णन होतं. त्यात आयांचा तो शब्द नव्हता. लगेच लंडनच्या एका बड्या तज्ज्ञाने सांगून टाकलं की यात नवीन काही नाही, हा तर जुनाच पेलाग्रा रोग. पेलाग्राही बहुतेककरून मका खाणाऱ्यांना होतो, म्हणून घोटाळा. विल्यम्सबाई मुकाट बसल्या नाहीत. १९३५ मध्ये लॅन्सेट या नामांकित नियतकालिकात त्यांनी दुसरा लेख लिहिला, दोन्ही रोगांतला फरक मुद्देसूद मांडला आणि या वेळी मथळ्यातच शब्द घातला, क्वाशिओरकर. मला त्यांचा हा हट्ट फार आवडतो. लॅटिन-ग्रीक नाव शोधून स्वतःची विद्वत्ता मिरवता आली असती. पण आजाराचा उगम ज्या शब्दात आहे तोच शब्द ठेवला तर वाचणारा डॉक्टर निदान विचारील तरी, की या मुलाच्या पाठीवर बाळ आहे का?

वरिष्ठांशी मात्र त्यांचं जमेना. औषधोपचार वेगळे आणि बाळ-बाळंतिणीला सल्ला देणं वेगळं, अशी तिथली खात्याची वाटणी. बाईंचं म्हणणं, आईला एकाच खोलीत दोन्ही मिळालं पाहिजे. खटके उडत गेले आणि १९३६ मध्ये त्यांची बदली थेट मलायात झाली. शिक्षाच ती.

सिंगापुरात त्यांच्यापुढे वेगळंच चित्र आलं. इथे मुलं मक्यावर नव्हती, डब्यावर होती. गोड आटवलेल्या दुधाचे डबे तान्ह्या बाळांचं अन्न म्हणून विकले जात होते. जाहिराती होत्याच, पण त्यापलीकडे एक युक्ती होती. कंपन्या बायकांना नर्ससारखे पांढरे कपडे घालून चाळींतून फिरवत. नुकत्याच बाळंत झालेल्या पोरीच्या दाराशी अशी पांढऱ्या कपड्यातली बाई येते, गोड बोलते, तुझ्या दुधापेक्षा हे चांगलं असं पटवते. कोणती पोर नाही म्हणेल?

त्या डब्यात निम्म्याच्या जवळपास साखर. साय काढलेल्या दुधाचा असेल तर अ आणि ड जीवनसत्त्वं जवळजवळ नाहीतच. डबा महाग, म्हणून आई तो पाणी घालून घालून पुरवते. पाणी कुठलं, तर चाळीतल्या नळाचं, नाहीतर विहिरीचं, बाटली धुतलेली-न धुतलेली. हगवण लागते. जे बाळ हगवणीतून वाचतं त्याला मुडदूस होतो, किंवा अ जीवनसत्त्वाशिवाय डोळे जातात. आणि इकडे आईचं दूध पाजलं न गेल्याने आटून गेलेलं, म्हणजे परतीची वाटही बंद.

१९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये, शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींसमोर, त्यांनी भाषण केलं. विषयाचं नाव दिलं होतं दूध आणि खून. अशा जाहिरातबाजीने जी बाळं मरतात तो खूनच समजावा, इतक्या स्वच्छ शब्दांत त्यांनी ते मांडलं. समोर व्यापारी बसले होते. तेव्हाच्या काळात एका सरकारी नोकर बाईने हे बोलावं म्हणजे काय धाडस, याची कल्पना करा.

कुणी म्हणेल, आक्राच्या खाटेवर याच बाईने मुलांना डब्यातलं दूध पाजलं होतं ना? पाजलं होतं. पण दोन वर्षांच्या, आईचं दूध तुटलेल्या, मरायला टेकलेल्या मुलाला इस्पितळात ते औषध म्हणून दिलं होतं. सिंगापुरातला डबा तान्ह्या बाळाच्या तोंडातून आईचं दूध काढून घेऊन त्या जागी येत होता. डबा तोच. कुणाला, कधी आणि कशाच्या बदल्यात, यावर सगळं ठरतं. हा फरक त्यांना कळला कारण दोन्हीकडची मुलं त्यांनी हाताळली होती.

पुढे युद्ध आलं. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा मलायात उतरल्या तेव्हा त्या उत्तर-पूर्वेच्या त्रेंगानू भागात होत्या. तिथून जंगलातून वाट काढत सिंगापूरला आल्या, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूरच पडलं. इतर गोऱ्या बायकामुलांबरोबर त्यांनाही चांगीच्या तुरुंगात टाकलं. बायकांच्या छावणीच्या त्या पुढे प्रमुख झाल्या. ऑक्टोबर १९४३ मध्ये जपानी लष्करी पोलिसांनी हेरगिरीच्या संशयावरून त्यांना उचललं. काही महिने पुरुष कैद्यांबरोबर एका पिंजऱ्यासारख्या कोठडीत कोंडून चौकशी चालली. शेजारी माणसं मरत होती. त्या जिवंत बाहेर आल्या, पण आमांश आणि बेरीबेरी घेऊन.

बेरीबेरी म्हणजे पॉलिश केलेल्या पांढऱ्या भातावरच दिवस काढणाऱ्यांचा आजार. भाताचा कोंडा गेला की त्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व जातं, आणि हातापायांच्या नसा बधिर होतात. ज्या बाईने एकाच धान्यावर वाढणाऱ्या मुलांची गोष्ट जगाला सांगितली, तिच्याच अंगावर ही पाळी आली. पायांचा बधिरपणा त्यांना जन्मभर पुरला.

याच छावणीत बायका बाळंत होत होत्या. वीसेक बाळं जन्मली. ना डबा, ना पावडर, आयांना स्वतःला धड जेवण नाही. सगळ्यांनी अंगावर पाजलं आणि सगळी बाळं जगली. विल्यम्सबाई पुढे कुठेही भाषणाला गेल्या की हा हिशोब सांगत.

सुटका झाल्यावर एखादी बाई घरी जाऊन पडली असती. या पुन्हा मलायात कामाला लागल्या, साऱ्या देशाच्या माता-बाल आरोग्याच्या प्रमुख म्हणून. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना नुकतीच उभी राहत होती. तिच्या माता-बाल आरोग्य विभागाच्या पहिल्या प्रमुख त्याच. पण जिनिव्हातल्या टेबलापाशी त्यांचा जीव रमेना. १९४९ मध्ये त्या दिल्लीला आल्या, आग्नेय आशियाच्या सल्लागार म्हणून. म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही बाई आपल्या देशात होती.

त्याच सुमाराला जागतिक संघटनांनी आफ्रिकेतल्या दहा देशांत दोन तज्ज्ञ पाठवले. १९५२ मध्ये त्यांचा अहवाल आला. क्वाशिओरकर जागोजाग आहे आणि लहान मुलांच्या आहाराशी निगडित आजारांत तो फार गंभीर आहे, असं त्यात होतं. म्हणजे विल्यम्सबाईंनी पहिल्यांदा छापल्यापासून एकोणीस वर्षांनी जगाची खात्री पटली.

खात्री पटली आणि जग दुसऱ्या टोकाला गेलं. प्रोटीन कमी पडतं ना, मग प्रोटीन पाठवा! गरीब देशांत दुधाच्या पावडरीची पोती निघाली, प्रोटीनयुक्त पिठं निघाली, मासळीची पूड निघाली. आपल्याकडेही प्रोटीनच्या डब्यांच्या जाहिराती याच हवेत वाढल्या. तो डबा ओट्यावर असणं म्हणजे सुशिक्षित घर, असा एक काळ होताच की.

इथे आपल्या देशाचा एक धागा जुळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकात गावातल्या मुलांचा आहार बारकाईने तपासला. सुजलेलं मूल आणि सुकलेलं मूल, दोघांच्या ताटात फारसा फरक नव्हता. दोघांनाही मुळात अन्नच कमी पडत होतं. मग त्यांनी एक साधा प्रयोग केला. गव्हाचं पीठ, साखर आणि तेल एवढ्यातूनच रोज साधारण ३१० कॅलरी मिळतील असा खाऊ खेड्यातल्या मुलांना चौदा महिने दिला. प्रोटीन त्यात जेमतेम ३ ग्रॅम. मुलांची उंची-वजन ती न मिळालेल्या मुलांपेक्षा चांगली वाढली. अर्थ असा, की घरात डाळ-भात, भाकरी, थोडं दूध किंवा दाणे असतील तर लहानग्याच्या वाटीत ते पुरेसं आणि पुरेशा वेळा पडणं हे आधी. पोटाला अन्न कमी पडलं तर शरीर प्रोटीनसुद्धा सरपणासारखं जाळून टाकतं.

क्वाशिओरकर नेमका कशाने होतो, याचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. काही विशिष्ट प्रोटीन घटकांची उणीव, वारंवार होणारे जुलाब, आतड्यातले जंतू, बुरशी लागलेलं धान्य, अशा बऱ्याच गोष्टींवर संशोधक बोट ठेवतात. पण तो कोणत्या मुलाला गाठतो, यावर वाद नाही. ते गा बायकांनी सांगितलंच होतं.

विल्यम्सबाईंना पोत्यांचा हा गाजावाजा कधी पटला नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. आई घरात काय शिजवते, तिला वेळ किती आहे, पाणी किती लांबून आणते, सासू काय म्हणते, हे विचारा आणि त्यातूनच वाट काढा. मूल इस्पितळात येईल तर आईलाही तिथेच ठेवा, तिच्याच हाताने भरवू द्या, म्हणजे घरी गेल्यावर ते पुढे चालेल. आज हे अगदी ओळखीचं वाटतं, पण तेव्हा आईला वॉर्डाबाहेर बसवायची पद्धत होती.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण लागतं, मध्ये एक-दोनदा काहीतरी खाऊ लागतो, आणि आईचं दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवता येतं, असं आज सगळ्या आरोग्य संस्था सांगतात. सहा महिन्यांपर्यंत नुसतं आईचं दूध, त्यानंतर घरचं मऊ पण घट्टसर अन्न, चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतपत घट्ट. वरणाचं वरचं पाणी नको, खालची डाळ. भाताच्या पेजेत डाळ कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप. दाण्याचा बारीक कूट, अंडं, दही, केळं, पिकलेला पपईचा मगज, शिजवलेली पालेभाजी, परवडेल आणि चालेल ते. आपल्या घरात यातलं बरंच असतं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर बाळांपैकी जेमतेम अकरा बाळांना पुरेसा आहार मिळत असल्याचं दिसलं. याला एकटी गरिबी कारणीभूत नाही. चहात बुडवलेलं बिस्किट, पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट आणि मोठ्यांच्या ताटातला घास, यावर कितीतरी बऱ्या घरांतली थोरली मुलं दिवस काढतात. पाकिटाने पोट मक्यासारखंच भरतं.

नंतरचं आयुष्य त्यांनी फिरण्यात घालवलं. जमैकात जाऊन तिथल्या उलट्यांच्या गूढ आजाराचा शोध, लंडनमध्ये शिकवणं, बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात काही वर्षं प्राध्यापकी, मग अमेरिकेत. १९७२ मध्ये डेरिक जेलिफ यांच्याबरोबर त्यांनी माता-बाल आरोग्यावर पुस्तक लिहिलं. ऐंशी ओलांडली तरी व्याख्यानं चालूच. १९७० च्या दशकात बाटलीच्या दुधाविरुद्ध जगभर चळवळ उभी राहिली, आणि पुढे कार्यकर्त्यांनी त्यांचं ते जुनं भाषण पुन्हा छापलं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय नियम मंजूर केले. कंपनीच्या माणसांनी गरोदर बायका आणि बाळंतिणींना गाठू नये, ही त्यातली एक अट. चाळींतून फिरणाऱ्या त्या पांढऱ्या कपड्यातल्या बायकांना दारातून परत पाठवायला बेचाळीस वर्षं लागली.

१९८६ मध्ये घाना विद्यापीठाने त्यांना मानाची डॉक्टरेट दिली.  १३ जुलै १९९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्या वारल्या, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात भारताच्या संसदेने तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरी, बाटल्या आणि डब्यातल्या शिशुआहाराबद्दलचा कायदा केला, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. या वस्तूंची जाहिरात करायला त्यात बंदी आहे. आईचं दूधच बाळाला सर्वांत चांगलं, ही सूचना डब्यावर छापावीच लागते. पुढच्या वेळी औषधाच्या दुकानात गेलात की तान्ह्यांच्या पावडरीचा डबा जरा हातात घेऊन फिरवून बघा. बाळाचं चित्र त्यावर कुठेच नसतं, आणि आईचंही नसतं. छापायला कायद्याने मनाई आहे.